४० मीटरचा घरगुती पॉवर ॲम्प्लिफायर: मॉसफेट का उडतात आणि आता काय करावे

अकोल्याच्या एका परवानाधारक हॅम (हौशी रेडिओ चालवणाऱ्या) मित्रांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे ४० मीटर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या बँडवर चालणारा बिटएक्स ४० हा सुमारे ७ वॅटचा ट्रान्सीव्हर (पाठवणारे आणि ऐकणारे एकच रेडिओ यंत्र) आहे. त्याच्या पुढे आयआरएफ ५१० या मॉसफेट जातीच्या ट्रान्झिस्टरची जोडी पुश-पुल पद्धतीने, म्हणजे दोघे आळीपाळीने अर्धी-अर्धी लहर हाताळतील अशी जोडून त्यांनी ॲम्प्लिफायर बांधला असून आउटपुट ट्रान्सफॉर्मर एकास दोन वेढ्यांचा आहे. १२ व्होल्टवर त्यातून जेमतेम १६ वॅट मिळतात, आणि १०० वॅटच्या अपेक्षेने २८ व्होल्ट दिले की काही क्षणांतच दोन्ही मॉसफेट उडतात. आता कोणता ट्रान्झिस्टर घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

प्रश्न ट्रान्झिस्टरचा आहे असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण जळतो तो तोच. परंतु आपण दिलेले आकडे पाहिले तर आपला ॲम्प्लिफायर १२ व्होल्टवर अगदी नियमाप्रमाणे चालला आणि २८ व्होल्टवरही नियमाप्रमाणेच जळला, असे मला दिसते. म्हणून ट्रान्झिस्टरकडे नंतर येऊ. आधी त्याला कोणता भार दिसतो आणि त्याची उष्णता कुठे जाते, या दोन गोष्टी नीट पाहू.

मॉसफेटला तीन पाय असतात: सिग्नल घेणारा गेट, शक्ती बाहेर देणारा ड्रेन आणि इथे जमिनीला जोडलेला सोर्स. पुश-पुल जोडीला एका ड्रेनपासून दुसऱ्या ड्रेनपर्यंत किती ओहमचा भार हवा, याचे सूत्र सोपे आहे: ड्रेनला प्रत्यक्ष वापरता येणारा व्होल्टेज घ्यावा, त्याचा वर्ग करून दुप्पट करावी आणि हव्या असलेल्या वॅटने भागावे. वापरता येणारा व्होल्टेज पुरवठ्यापेक्षा दोन ते तीन व्होल्टने कमी धरावा, कारण मॉसफेट पूर्ण उघडला तरी त्याच्यात काही व्होल्ट उरतातच. आयआरएफ ५१० चा चालू अवस्थेतला रोध सुमारे अर्धा ओहम आहे आणि शिखरावर प्रवाह चार-पाच अँपिअरपर्यंत जातो, त्यामुळे ही वजाबाकी टाळता येत नाही. आता आपला ट्रान्सफॉर्मर पाहा. वेढे एकास दोन, म्हणजे रोध एकास चार, म्हणजे अँटेनाच्या ५० ओहमचे ड्रेनच्या बाजूला साडेबारा ओहम झाले. १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर वापरायला मिळाले १० व्होल्ट. दहाचा वर्ग शंभर, त्याची दुप्पट दोनशे, भागिले साडेबारा: उत्तर १६ वॅट. आपल्या मीटरने तेच दाखवले. मॉसफेट खराब नव्हते, ड्राइव्ह, म्हणजे बिटएक्सकडून गेटला मिळणारी शक्ती, अपुरा नव्हता. त्या ट्रान्सफॉर्मरमधून त्या व्होल्टेजवर याहून अधिक शक्ती निघूच शकत नव्हती.

हाच हिशेब २८ व्होल्टसाठी करा. वापरायला २५ व्होल्ट, त्याच्या वर्गाची दुप्पट १२५०, भागिले साडेबारा: नेमके १०० वॅट. म्हणजे ट्रान्सफॉर्मर न बदलता व्होल्टेज वाढवून आपण त्या जोडीकडे सरळ १०० वॅटची मागणी केली. रेषीय, म्हणजे बोलणे विकृत न करणाऱ्या ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता व्यवहारात ५० टक्क्यांच्या आसपास धरावी. तेव्हा १०० वॅट बाहेर जाताना आणखी १०० वॅटची उष्णता होते आणि प्रत्येक मॉसफेटच्या वाट्याला ५० वॅट येतात. आयआरएफ ५१० ची उष्णता सोसण्याची कमाल मर्यादा ४३ वॅट आहे, आणि तीही त्याचे आवरण २५ अंशांवर ठेवता आले तरच. अशा स्थितीत तो काही क्षण टिकला हेच विशेष.

उष्णतेच्या बाबतीत आपण राहता ते ठिकाण महत्त्वाचे ठरते, म्हणून हा भाग मी थोडा विस्ताराने सांगतो. आयआरएफ ५१० मध्ये आतल्या चिपपासून धातूच्या पट्टीपर्यंत दर वॅटला साडेतीन अंश तापमान चढते. ही पट्टी ड्रेनला जोडलेली असल्यामुळे तिच्याखाली अभ्रकाचा पातळ तुकडा आणि स्क्रूला प्लास्टिकचे बुश घालावेच लागते. थर्मल पेस्ट लावूनही त्या अभ्रकापायी दर वॅटला सुमारे एक अंश आणखी जातो. एकूण साडेचार अंश झाले. प्रत्येक मॉसफेट २० वॅट उष्णता टाकत असेल तर आतली चिप हीटसिंकपेक्षा (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पात्यांच्या ठोकळ्यापेक्षा) ९० अंशांनी गरम राहील. चिपची कमाल मर्यादा १७५ अंश आहे, पण मी १५० च्या पुढे जाऊ देत नाही. याचा अर्थ हीटसिंक ६० अंशांच्या आत राहायला हवा. महाबळेश्वरला हे सहज साधेल. अकोल्यात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि कूलर लावूनही खोलीत बरीच उष्णता असते, तेव्हा हवा आणि हीटसिंक यांच्यात आपल्याला फार तर २० अंशांचे अंतर उरते. ४० वॅट उष्णता २० अंशांच्या फरकात बाहेर टाकायची, तर दर वॅटला अर्धा अंश इतका चांगला हीटसिंक हवा. पंख्याशिवाय तो फार मोठा होतो. म्हणून संगणकातला १२ व्होल्टचा पंखा पहिल्याच दिवशी बसवा, आणि तो हीटसिंकच्या पात्यांच्या दिशेने वारा मारेल असा बसवा.

यातून माझे पहिले मत निघते: आयआरएफ ५१० च्या एका जोडीकडून ४० वॅटच घ्यावेत. १०० वॅटचे स्वप्न सोडताना वाईट वाटेल, पण ऐकणाऱ्याच्या बाजूने विचार करून पाहा. ७ वरून ४० वॅटवर गेल्याने साडेसात डेसिबल मिळतात, म्हणजे एका एस युनिटहून (रिसीव्हरच्या सिग्नल मीटरवरच्या ६ डेसिबलच्या पायरीहून) थोडे अधिक. ४० वरून १०० वर गेल्याने फक्त ४ डेसिबल वाढतात, म्हणजे एक एस युनिटही नाही. पहिली झेप गोंगाटात बुडालेला आवाज वर काढते. दुसरीमुळे मीटरची सुई थोडी पुढे सरकते, आणि तेवढ्यासाठी पुरवठा, हीटसिंक, रिले, फिल्टर सारेच अडीचपट मोठे करावे लागते.

४० वॅटसाठी मी २४ व्होल्टचा पुरवठा आणि दोनास तीन वेढ्यांचा ट्रान्सफॉर्मर सुचवेन. दोनास तीन वेढ्यांमुळे ५० ओहमचे सुमारे २२ ओहम होतात. २४ मधून अडीच वजा करून साडेएकवीस व्होल्ट धरले, तर सूत्राप्रमाणे ४१-४२ वॅट येतात. १९ व्होल्टचा लॅपटॉप ॲडॅप्टर आणि आहे तोच एकास दोन ट्रान्सफॉर्मर घेऊनही जवळपास तेवढीच शक्ती मिळेल, पण तेव्हा प्रत्येक मॉसफेटचा शिखर प्रवाह पाच अँपिअरच्या पुढे जातो. २४ व्होल्टवर तो चारच्या आत राहतो. प्रवाह कमी राहिला की शिखरे कमी चेपली जातात आणि आवाज स्वच्छ राहतो. २४ व्होल्टचे ५ अँपिअरचे एसएमपीएस (स्विचिंग प्रकारचे वीजपुरवठे) मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळतात. काहींचा खरखराट रिसीव्हरमध्ये येतो, म्हणून घेण्यापूर्वी शक्य असेल तर रिसीव्हरजवळ लावून ऐकून पाहावा.

ट्रान्सफॉर्मरचा गाभा ४३ नंबरच्या फेराइटचा, दोन भोकांचा आणि ऐसपैस असावा. ट्रान्सीव्हरच्या पाच-सात वॅटसाठी वापरतात तो बोटाच्या पेरापेक्षा लहान गाभा ४० वॅटला तापतो, आणि फेराइट तापला की त्याचे गुणधर्म बदलून मॉसफेटला दिसणारा भारही बदलतो. पाच मिनिटे चालवून गाभ्याला बोट लावून पाहण्याची सवय ठेवा, अर्थात ट्रान्समिशन बंद करून. ड्रेनना २४ व्होल्ट ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपमधून देण्याऐवजी वेगळ्या टोरॉइडवर (कडीसारख्या गोल गाभ्यावर) दोन तारा पिळून गुंडाळलेल्या चोकमधून, म्हणजे डीसी जाऊ देणाऱ्या पण रेडिओ सिग्नल अडवणाऱ्या कॉइलमधून द्यावेत. त्यामुळे दोन्ही बाजू समतोल राहतात.

आता बांधणीच्या क्रमाविषयी. या उत्तरातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. बहुतेक जण मॉसफेटपासून सुरुवात करतात आणि फिल्टर, डमी लोड (चाचणीसाठी अँटेनाऐवजी जोडायचा ५० ओहमचा रोध), रिले (अँटेना रिसीव्हरकडून ॲम्प्लिफायरकडे वळवणारा स्विच) या गोष्टी नंतर पाहू म्हणून ठेवतात. माझ्या कार्यशाळेत मी उलट करतो: अँटेनाच्या टोकापासून आत येतो. शेवटच्या टप्प्यात खात्रीचे ५० ओहम असल्याशिवाय मॉसफेटला वीज द्यायचीच नाही, असा माझा नियम आहे. वर केलेला सारा हिशेब त्या ५० ओहमवर उभा आहे. तिथे २० किंवा १५० ओहम निघाले, तर बाकीचे आकडे निरर्थक होतात.

म्हणून आधी डमी लोड. १०० ओहमचे, ५ वॅटचे मेटल ऑक्साइड रेझिस्टर आठ घ्या. चार समांतर जोडले की २५ ओहम होतात. असे दोन गट एकापुढे एक जोडले की ५० ओहम, ४० वॅट. बाजारात ५ वॅटचे म्हणून मिळणारे पांढरे, चौकोनी, सिमेंटच्या आवरणाचे रेझिस्टर घेऊ नका. त्यांच्या आत तार गुंडाळलेली असते आणि ७ मेगाहर्ट्झला ते कॉइलसारखे वागतात. दोन गटांच्या मधल्या जोडावर १एन४१४८ डायोड आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज मोजा. त्याचा वर्ग करून २५ ने भागले की वॅट मिळतात. २० व्होल्ट म्हणजे १६ वॅट, साडेएकतीस व्होल्ट म्हणजे जवळपास ४० वॅट. डायोड मधल्या जोडावर लावायचे कारण असे की ४० वॅटला पूर्ण लोडवर शिखर व्होल्टेज ६३ असतो. तिथे या डायोडवर त्याच्या दुप्पट उलटा व्होल्टेज येईल आणि त्याची मर्यादा ७५ व्होल्टची आहे.

दुसरा टप्पा लो पास फिल्टर. तो हार्मोनिक, म्हणजे मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट-तिप्पट कंपनसंख्येचे नको असलेले सिग्नल अडवतो. पुश-पुल रचना दुसरा हार्मोनिक बऱ्याच अंशी स्वतःच दाबते, पण तिसरा, म्हणजे २१ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, चांगलाच जोरदार असतो. बिटएक्सच्या आत फिल्टर आहे, मग पुन्हा कशाला, असे मला अनेकदा विचारले जाते. तो फिल्टर बिटएक्सने तयार केलेले हार्मोनिक अडवतो. नवे हार्मोनिक आपला ॲम्प्लिफायर तयार करतो आणि ते त्या फिल्टरच्या पुढे जन्माला येतात. बाहेर जाणारे सर्व हार्मोनिक मूळ सिग्नलपेक्षा किमान ५० डेसिबल खाली हवेत, असे धरून सात घटकांचा फिल्टर बांधावा. कॉइलसाठी टी ६८-२ हा लाल टोरॉइड योग्य आहे. त्यावर १५ वेढ्यांना सुमारे १.३ मायक्रोहेन्री मिळतात आणि ४० मीटरच्या फिल्टरला साधारण याच पट्ट्यातली मूल्ये लागतात. वेढे टोरॉइडभर सैल पसरवले किंवा जवळ दाबले की मूल्य थोडे कमी-जास्त करता येते. कपॅसिटर सिल्व्हर मायका किंवा सी०जी (तापमानाने मूल्य जवळपास न बदलणाऱ्या सिरॅमिक) प्रकारचे, ५०० व्होल्टचे असावेत. साधे बिस्किटी सिरॅमिक कपॅसिटर इथे तापतात आणि शक्ती कुठे गेली ते कळत नाही. नॅनोव्हीएनए (फिल्टर आणि अँटेना मोजणारे छोटे उपकरण) कुणाकडे असेल तर दोन मिनिटांत फिल्टर तपासता येतो: ७.१ मेगाहर्ट्झला घट ०.३ डेसिबलच्या आत आणि २१.३ ला ४० डेसिबलहून जास्त दिसली पाहिजे. हा फिल्टर रिले आणि अँटेना यांच्या मध्ये ठेवा.

रिलेबाबत एकच सांगतो. अँटेनाचे संपर्क आधी जुळले पाहिजेत आणि मगच बिटएक्समधून आरएफ, म्हणजे रेडिओ शक्ती, यायला हवी. रिले अर्धवट असताना पूर्ण शक्ती आली तर त्या काही मिलिसेकंदांत मॉसफेटला भारच नसतो आणि ड्रेनवरचा व्होल्टेज उसळतो. आयआरएफ ५१० ची मर्यादा १०० व्होल्ट आहे. २४ व्होल्टच्या पुरवठ्यावर नेहमीच्या कामात ड्रेन ४८ पर्यंत जातोच, तेव्हा हाताशी उरलेली जागा फार नाही. पीटीटीने (बोलण्याच्या बटणाने) रिले आधी ओढून बायस (गेटला दिलेला स्थिर व्होल्टेज) नंतर सुरू होईल, अशी साधी विलंबाची जोडणी करावी.

यानंतर मॉसफेटचा बोर्ड. तांब्याच्या पत्र्याच्या बोर्डावर, सोर्सचे पाय शक्य तितके आखूड ठेवून थेट पत्र्याला सोल्डर करा. सोर्सच्या पायाची एक सेंटिमीटर जास्त लांबी ॲम्प्लिफायर स्वतःच दोलन करू (ड्राइव्ह नसतानाही सिग्नल निर्माण करू) लागण्यास पुरेशी असते. प्रत्येक गेटला १० ओहमचा रेझिस्टर आणि प्रत्येक ड्रेनपासून गेटकडे ४७० ओहम व ०.१ मायक्रोफॅरड यांचा फीडबॅक ठेवावा. त्याने थोडी शक्ती जाते, पण ॲम्प्लिफायर शांत राहतो, आणि आपल्याकडे ड्राइव्ह हवा त्याहून अधिक आहे.

तो जादा ड्राइव्ह हीदेखील एक अडचणच आहे. ४० वॅटसाठी पावणेदोन वॅट पुरेत आणि बिटएक्स देतो ७. मध्ये ६ डेसिबलचा ॲटेन्युएटर, म्हणजे शक्ती एक चतुर्थांशावर आणणारी रेझिस्टरची जोडणी घाला: दोन्ही बाजूंना जमिनीकडे १५०-१५० ओहम आणि मध्ये ३७ ओहम. यातल्या बिटएक्सकडच्या १५० ओहमवर आणि मधल्या ३७ ओहमवर प्रत्येकी सव्वादोन वॅटहून अधिक उष्णता होते, म्हणून तेथे पाच वॅटचे, तेही तारेचे नसलेले रेझिस्टर वापरावेत. या ॲटेन्युएटरमुळे बिटएक्सलाही स्थिर ५० ओहम दिसतात.

बायससाठी प्रत्येक मॉसफेटला स्वतंत्र मल्टिटर्न प्रीसेट (स्क्रू फिरवून बदलायचा रोध) द्या. एका नगाचा गेट २ व्होल्टच्या पुढे उघडू लागतो तर दुसऱ्याचा ४ जवळ, त्यामुळे एकाच प्रीसेटने जोडी समतोल होत नाही. दोन्ही प्रीसेट शून्यावर आणून, ड्राइव्ह न देता, ड्रेनच्या वाटेत अँमीटर ठेवून एकेकाला १०० मिलीअँपिअरवर आणा. मॉसफेट तापला की त्याच गेट व्होल्टेजला जास्त प्रवाह घेतो, त्याने आणखी तापतो, आणि हे चक्र थांबवायला कुणीच नसते. म्हणून बायसच्या वाटेतला एक डायोड हीटसिंकला चिकटवून ठेवावा. हीटसिंक तापला की तो बायस आपोआप खाली ओढतो.

आता मूळ प्रश्न: ट्रान्झिस्टर कोणता? हे परिस्थितीवर अवलंबून आहे. पुढे २० आणि १० मीटरवरही हाच ॲम्प्लिफायर चालवायचा असेल, तर आयआरएफ ५१० ठेवा. त्याची गेट कपॅसिटी १८० पिकोफॅरडच्या आसपास असल्याने वरच्या बँडवरही ड्राइव्ह गेटपर्यंत पोहोचतो. फक्त ४० मीटर पुरेसा असेल, तर अकोल्याच्या उन्हाळ्यासाठी मी आयआरएफ ५३० घेईन. त्याची गेट कपॅसिटी ६७० आहे, ती ७ मेगाहर्ट्झला सांभाळता येते, आणि त्याबदल्यात चिपपासून पट्टीपर्यंतची चढण साडेतीन अंशांवरून १.७ वर येते. त्याच २० वॅट उष्णतेला चिप ३६ अंशांनी थंड राहते. फीडबॅक मात्र जास्त काळजीने ठेवावा लागतो, कारण ड्रेन ते गेट कपॅसिटीही त्यात मोठी आहे. पट्टीला सोर्स जोडलेले, खास आरएफसाठी बनवलेले मॉसफेट, जसे मित्सुबिशीचा आरडी १६ एचएचएफ १, थेट हीटसिंकवर बसतात आणि अभ्रकाचा प्रश्नच येत नाही. ते महाग असतात, आणि शिकत असताना ते जळू देणे मला पटत नाही.

जे काही घ्याल ते खरे आहे याची खात्री करा. दुसऱ्याच मॉसफेटवर ५१० छापून विकण्याचे प्रकार होतात. एका खात्रीच्या नगाची गेट कपॅसिटी एलसीआर मीटरवर मोजून नवा नग त्याच्याशी ताडून पाहा. दुप्पट-तिप्पट फरक आला तर तो वापरू नका.

व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओतल्या काचेच्या निर्वात नळीचा) पर्यायही काही जण सुचवतील. ८०७ या व्हॉल्व्हच्या जोड्यांवर आपल्याकडच्या अनेक जुन्या हॅमनी उत्तम काम केले आहे आणि चुकीचा भार त्या मॉसफेटपेक्षा कितीतरी अधिक सहन करतात. परंतु त्यांना सहाशे-साडेसातशे व्होल्ट लागतात आणि तो व्होल्टेज वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये राहून माणसाचा जीव घेऊ शकतो. उच्च व्होल्टेजचे काम जाणणारी व्यक्ती शेजारी बसलेली नसेल, तर पहिला मोठा ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचा करू नये असे मी आग्रहाने सांगेन.

आपला परवाना रिस्ट्रिक्टेड आहे की जनरल, हे आपण लिहिलेले नाही. त्यानुसार शक्तीची मर्यादा बदलते, तेव्हा परवान्यातल्या अटी वाचूनच लक्ष्य ठरवा. कामाचा प्रकारही महत्त्वाचा आहे. बोलताना सरासरी शक्ती शिखराच्या बरीच खाली असते, म्हणून ४० वॅटचा हिशेब चालतो. एफटी ८ या संगणकाने संदेश पाठवण्याच्या पद्धतीत दर १५ सेकंदांच्या पाळीत पावणेतेरा सेकंदांच्या आसपास अखंड पूर्ण शक्ती जाते. तिथे हाच ॲम्प्लिफायर २० वॅटवर चालवा.

पहिली चाचणी १२ व्होल्टवर, प्रवाहाची मर्यादा दोन-अडीच अँपिअरवर ठेवलेल्या पुरवठ्याने आणि डमी लोडवरच करा. ड्राइव्ह काढून घेतल्यावर डायोडचा व्होल्टेज पूर्ण शून्यावर आला पाहिजे. येत नसेल तर ॲम्प्लिफायर स्वतः दोलन करतो आहे आणि पुढे जायचे नाही. दोनास तीन ट्रान्सफॉर्मरवर १२ व्होल्टला ९ वॅटच्या आसपास शक्ती दिसेल, तिने निराश होऊ नका, हिशेबाप्रमाणे तेवढीच यायला हवी. मग १८ आणि शेवटी २४ व्होल्ट. प्रत्येक पायरीवर डमी लोडच्या मधल्या जोडाचा व्होल्टेज, ड्रेनचा एकूण प्रवाह आणि एक मिनिटानंतरचे हीटसिंकचे तापमान लिहून ठेवा. २४ व्होल्टला ४० वॅट देताना प्रवाह साडेतीन अँपिअरच्या आसपास असायला हवा. तो चारच्या वर गेला, तर हे तीनही आकडे आणि ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचे माप इथेच लिहा, त्यावरून भार कुठे चुकला आहे ते काढता येईल.